अभ्यासाला तारीख असते का?

१९८६ साली मी एका तालुक्याच्या गावी अकरावीत शिकत होतो. आमचे कनिष्ठ महाविद्यालय आणि वरिष्ठ महाविद्यालय एकाच इमारतीत भरत असे. तळमजल्यावर आम्ही, वरच्या मजल्यावर बी.ए. आणि बी.कॉम.चे वर्ग. ग्रंथालय एकच, प्राचार्य एकच आणि तास संपल्याची घंटाही एकच. आठवड्यातून तीनदा माझा एक तास मोकळा असे. नेमक्या त्याच वेळी वरच्या मजल्यावर अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक प्रथम वर्षाला शिकवीत. एके दिवशी धीर करून मी त्यांना विचारले आणि त्यांनी मला मागच्या बाकावर बसण्याची परवानगी दिली. वर्षअखेरीस त्यांनी वर्गाची प्रश्नपत्रिका मलाही सोडवायला दिली, उत्तरपत्रिका तपासून परत केली आणि गुण बरे पडल्याबद्दल पाठ थोपटली.

दोन वर्षांनी मी रीतसर प्रथम वर्षात दाखल झालो, तेव्हा तेच सर, तोच पेपर आणि तीच मागणीची लवचीकता. मला पाहून सर हसले आणि म्हणाले, "आता अधिकृतपणे ऐका."

त्या वेळी मीही हसलो होतो. घरची परिस्थिती बेताची असली तरी एक पेपर पुन्हा शिकल्याने माझे काही बिघडले नाही. पुढे तीस वर्षांच्या सेवेत अनेक राज्यांतून फिरताना ही आठवण मी गमतीने सांगत असे. दोन वर्षांपूर्वी दिल्लीत घडलेल्या एका प्रसंगानंतर मात्र ती गमतीने सांगणे मी सोडून दिले.

आमच्या कार्यालयातील एका कंत्राटी सुरक्षारक्षकाची मुलगी माझ्याकडे काही कागद घेऊन आली. सरकारी शाळेत अकरावीत असताना तिने केंद्र सरकारच्या 'स्वयम' या व्यासपीठावर वित्तीय लेखाशास्त्राचा एक अभ्यासक्रम स्वतःहून पूर्ण केला होता. त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली दिली होती आणि उत्तीर्णही झाली होती. बारावीनंतर तिला बी.कॉम.ला प्रवेश मिळाला. पहिल्या सत्रात तोच विषय होता. तिने महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रमाणपत्र दाखविले. त्यांनी सांगितले की, ही सवलत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी, महाविद्यालयाच्या पूर्वसंमतीने केलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळते. प्रवेशापूर्वी केलेला अभ्यास धरता येत नाही.

मुलगी सकाळी एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम करीत असे. लेखाशास्त्राचे तास सकाळीच होते. उपस्थिती कमी भरली आणि त्या विषयाच्या परीक्षेला तिला बसू दिले गेले नाही. जो विषय ती दोन वर्षांपूर्वी उत्तीर्ण झाली होती, ज्या विषयाच्या बळावर ती चार पैसे कमवत होती, त्याच विषयात ती अनुत्तीर्ण ठरली.

मी नियम काढून वाचला. महाविद्यालयाने नियमाबाहेर काहीही केले नव्हते. तसे मी तिला सांगितले. त्यावर तिने शांतपणे विचारले, "सर, अभ्यासाला तारीख असते का?" या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहे. येथील मते माझी वैयक्तिक आहेत, कोणत्याही मंत्रालयाची नाहीत.

शाळेत असतानाच महाविद्यालयाचे श्रेयांक, ज्यांना आपली मुले 'क्रेडिट' म्हणतात ते, मिळविण्याची पद्धत जगात नवी नाही. माझी धाकटी बहीण अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. तिची मुलगी शाळा संपवून बाहेर पडली तेव्हा तिच्या खात्यावर महाविद्यालयाचे ३० श्रेयांक जमा होते. तेथे पदवीला साधारण १२० श्रेयांक लागतात, म्हणजे चारपैकी एक वर्ष तिने शाळेतच पूर्ण केले होते. फोनवर ती मला म्हणाली, "मामा, यात विशेष काही नाही, आमच्या वर्गातल्या पुष्कळ जणांनी केले." भाचीला जे विशेष वाटत नाही, ते उभे करण्यास त्या देशाला सत्तर वर्षे लागली आहेत.

तेथे दोन वाटा आहेत. पहिली परीक्षेची. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' या योजनेत शाळेतच महाविद्यालयाच्या तोडीचा अभ्यास करायचा आणि मे महिन्यात 'कॉलेज बोर्ड' या संस्थेची सामायिक परीक्षा द्यायची. निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. दुसरी वाट प्रत्यक्ष नोंदणीची. विद्यार्थी शाळेत असतानाच महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाला नाव घालतो आणि तोच अभ्यास शाळेच्याही, महाविद्यालयाच्याही खात्यात धरला जातो. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये यासाठी राज्यव्यापी कायदा केला. ओहायोची सध्याची योजना २०१५ ची आहे. त्यात सातवीपासून बारावीपर्यंतचे विद्यार्थी पात्र आहेत आणि सार्वजनिक महाविद्यालयात शिक्षण घेतल्यास शुल्क वा पुस्तकांचा खर्च कुटुंबावर पडत नाही. २०२२-२३ या एका वर्षात अमेरिकेतील सुमारे २५ लाख शालेय विद्यार्थ्यांनी असा निदान एक तरी अभ्यासक्रम घेतला होता.

प्रशासनाच्या दृष्टीने या व्यवस्थेत पाहण्यासारख्या गोष्टी तीन: परीक्षा कोण घेतो, पैसे कोण देतो आणि श्रेयांक स्वीकारण्याचे बंधन कोणावर आहे. यांपैकी तिसरी सर्वांत महत्त्वाची. टेक्सास आणि इलिनॉय यांसारख्या राज्यांनी कायदाच केला की, सामायिक परीक्षेत ३ किंवा अधिक श्रेणी मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांनी श्रेयांक दिलेच पाहिजेत. खाजगी संस्थांवर असे बंधन नाही. डार्टमथ या नामांकित महाविद्यालयाने २०१३ मध्ये जाहीर केले की, पुढील वर्षापासून दाखल होणाऱ्या विद्यार्थ्यांना या परीक्षेचे श्रेयांक ते देणार नाही. विद्यार्थ्याचे प्रमाणपत्र तेच, परंतु एका दारात त्याला किंमत आहे आणि दुसऱ्या दारात नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चलनाचे उदाहरण वाटेल. नोटेची किंमत तिच्या कागदात नसते. समोरचा ती घेईल या खात्रीत असते. श्रेयांकही तसाच आहे. तो कोणी दिला यापेक्षा तो कोण घेणार, यावर त्याचे मोल ठरते.

तेथील उणिवाही झाकून चालणार नाही. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि गरीब घरांतील मुलांचे प्रमाण या योजनांत त्यांच्या संख्येच्या मानाने कमी आहे. ज्या शाळेत चांगले शिक्षक, त्या शाळेत असे अभ्यासक्रमही अधिक. शिवाय महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात सोळाव्या वर्षी पडलेले वाईट गुण कायमच्या गुणपत्रकावर राहतात. म्हणजे ज्याला आधीच आधार आहे तो पुढे जातो आणि ज्याला नाही त्याने चुकण्याचा धोका पत्करायचा. आपण काही उचलणार असू, तर हे धडेही उचलावेत.

आता आपल्याकडे पाहू. शाळा कोठे संपते आणि महाविद्यालय कोठे सुरू होते, ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती आपल्या प्रशासनाने आखली आणि वारंवार हलविली आहे. १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने, ज्याला सॅडलर आयोग म्हणतात, इंटरमिजिएटचे वर्ग विद्यापीठांपासून वेगळे करावेत अशी शिफारस केली. त्यातूनच संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, १९२१ मध्ये हायस्कूल व इंटरमिजिएटचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. तेथे नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी माणसाला 'इंटर कॉलेज' अशी पाटी पाहून प्रथम वाटते की हे महाविद्यालय आहे. आत गेल्यावर कळते की सहावीची मुलेही तेथेच शिकतात. केरळने गेल्या शतकाच्या अखेरीस प्री-डिग्रीचे वर्ग महाविद्यालयांतून काढून शाळांकडे नेले. बिहारने २०२४ मध्ये तसेच केले. महाराष्ट्रात माझ्या थोरल्या काकांची पिढी अकरावीला मॅट्रिक होऊन थेट महाविद्यालयात गेली. १९७५ च्या सुमारास कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि मधली दोन वर्षे बहुतांशी महाविद्यालयांच्याच आवारात 'कनिष्ठ' या नावाने बसली.

तात्पर्य असे की, एकाच वयाचा विद्यार्थी एका राज्यात शाळेत असतो, दुसऱ्या राज्यात महाविद्यालयात असतो आणि तिसऱ्या राज्यात दहा वर्षांपूर्वी महाविद्यालयात होता तो आज शाळेत आहे. विद्यार्थ्याची आकलनशक्ती राज्याची सीमा ओलांडताना बदलत नाही. तेव्हा या रेषेच्या अलीकडे केलेल्या अभ्यासाला पलीकडे मान द्यायचा की नाही, हा ज्ञानाचा प्रश्न नसून नोंदवहीचा प्रश्न आहे.

नोंदवहीही आता आपण तयार केली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँक सुरू झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्यात ३० तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक आणि वर्षाच्या १२०० तासांना ४० श्रेयांक असे गणित आहे. शालेय, उच्च आणि व्यावसायिक शिक्षण एकाच मापाने मोजण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. परंतु त्यावरून एक गैरसमज पसरला आहे. बारावीला या आराखड्यात चौथी पातळी दिली आहे आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला साडेचारावी. त्यामुळे शाळेत मिळालेले श्रेयांक विद्यार्थी बारावी झाला एवढेच सांगतात. ते पदवीचा एकही पेपर कमी करीत नाहीत. शाळेच्या अभ्यासाला श्रेयांक देणे ही एक गोष्ट आणि शाळेत असताना महाविद्यालयाचा श्रेयांक मिळविणे ही दुसरी. पहिलीची सोय झाली म्हणून दुसरीचीही झाली असे पालक समजतात आणि फसतात.

श्रेयांक बँकेच्या नियमांत आणखी एक मजेशीर तरतूद आहे. जमा श्रेयांकांचे आयुष्य जास्तीत जास्त ७ वर्षे धरले आहे. म्हणजे अभ्यास शिळा होतो हे शासनाला मान्य आहे, आणि सात वर्षांनी होतो हेही मान्य आहे. मग त्या सुरक्षारक्षकाच्या मुलीचा दोन वर्षांपूर्वीचा लेखाशास्त्राचा अभ्यास कोणत्या हिशेबाने शिळा झाला? तिच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की, अभ्यासाला तारीख नव्हती. तारीख प्रवेशाच्या अर्जाला होती.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही रास्त आहेत.

पहिला आक्षेप मुलांवरील ओझ्याचा. अकरावी-बारावीची मुले आधीच शिकवणी वर्गांच्या चरकात पिळली जात आहेत. कागदोपत्री शाळेत आणि प्रत्यक्षात शिकवणीत, अशी 'डमी' प्रवेशाची कीड लागली आहे. त्यात आणखी एक स्पर्धा कशाला? येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या वाटेवरील मुलांसाठी ही योजना नाही. तेथे प्रश्न जागेचा आहे आणि श्रेयांकाने जागा मिळत नाही. प्रवेशाच्या गुणवत्तायादीत या श्रेयांकांना शून्य महत्त्व असावे, म्हणजे शिकवणीवाल्यांना त्यात रस उरणार नाही. ही सोय बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणाऱ्या बहुसंख्य मुलांसाठी हवी, ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्रांत फारसे कोणी लिहीत नाही.

दुसरा आक्षेप दर्जाचा. शाळांनीच श्रेयांक वाटायला सुरुवात केली तर ग्रेशमचा नियम लागू होईल आणि खोटे नाणे खऱ्याला बाजारातून हाकलून देईल. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आपल्याकडे कसे वाढतात हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच शिकविणारा आणि परीक्षा घेणारा एक असता कामा नये. सुदैवाने पर्यवेक्षित सामायिक परीक्षेची यंत्रणा 'स्वयम'च्या निमित्ताने देशात उभी आहे. ती नव्याने उभारण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ज्यांच्या घरी इंग्रजी, इंटरनेट आणि सल्ला देणारे आईवडील आहेत, त्यांचीच मुले हे श्रेयांक गोळा करतील. अमेरिकेचा अनुभव तेच सांगतो. माझे उत्तर असे की, सध्याच्या नियमाची किंमत कोण मोजतो तेही पाहावे. संपन्न घरातील मुलाला एक पेपर पुन्हा शिकावा लागला तर त्याचा थोडा वेळ जातो. जिला सकाळी दुकानात हिशेब लिहायचा आहे, तिला त्याच वेळेची किंमत मजुरीत मोजावी लागते. चार श्रेयांक म्हणजे १२० तास. वेळ सर्वांना सारखा मिळतो असे म्हणतात, पण तो सर्वांना सारखा महाग नसतो. तेव्हा सोय नाकारण्यापेक्षा ती आधी कोणाच्या दारात न्यायची, हे ठरविणे अधिक न्याय्य होईल.

या संदर्भात महाराष्ट्राकडे एक ठेव आहे, जिच्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. वरिष्ठ महाविद्यालयाला जोडलेले कनिष्ठ महाविद्यालय ही रचना नव्या धोरणाच्या ५+३+३+४ या आकृतिबंधात बसत नाही म्हणून तिच्याकडे अडचण म्हणून पाहिले जाते. अमेरिकेत शालेय शिक्षकाने महाविद्यालयाचा अभ्यासक्रम शिकवावा की नाही यावर मोठा वाद झाला. तेथील एका प्रमुख अधिस्वीकृती संस्थेने वर्षानुवर्षे असा दंडक ठेवला होता की, अशा शिक्षकाकडे त्या विषयाची पदव्युत्तर पदवी किंवा पदव्युत्तर पातळीवरील किमान १८ श्रेयांक असावेत. ग्रामीण शाळांना असे शिक्षक मिळणे कठीण गेले. महाराष्ट्रात कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकाला आपल्या विषयाची पदव्युत्तर पदवी असावीच लागते. वर त्याच इमारतीत पदवीचे वर्ग, तेच ग्रंथालय आणि अनेक ठिकाणी तीच प्रयोगशाळा. दुसऱ्या देशांना जे जमवायला करार करावे लागले, ते आपल्याकडे एका जिन्याच्या अंतरावर आहे. माझ्या तालुक्याच्या महाविद्यालयात तो जिना मी स्वतः चढलो आहे.

म्हणून माझ्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत.

एक. अकरावी-बारावीत असताना पर्यवेक्षित सामायिक परीक्षा देऊन उत्तीर्ण केलेला पदवी पातळीचा अभ्यासक्रम, विद्यार्थ्याने पुढे प्रवेश घेतल्यावर श्रेयांक बँकेतून वटविता यावा. प्रवेशाच्या तारखेची अट काढावी. सात वर्षांची मर्यादा पुरेशी आहे.

दोन. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांवर असे श्रेयांक स्वीकारण्याचे बंधन असावे. नाकारायचे असल्यास कारण लेखी द्यावे आणि त्यावर अपील असावे. स्वीकाराचे बंधन नसलेली बँक म्हणजे पैसे भरण्याची खिडकी उघडी आणि काढण्याची बंद.

तीन. कमाल मर्यादा १२ श्रेयांकांची असावी. तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक, म्हणजे सत्राला सुमारे २० लागतात. बारा श्रेयांकांनी कोणाचे वर्ष वाचणार नाही आणि वाचू नये. मात्र ज्याला नोकरी करीत शिकायचे आहे, त्याला पहिल्या वर्षी श्वास घेण्यापुरती जागा मिळेल.

चार. अनुत्तीर्ण झाल्याची नोंद कोठेही राहू नये. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला प्रयत्न करून पाहण्याचा हक्क असावा.

पाच. सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क शासनाने भरावे आणि प्रारंभ अशाच शाळांपासून तसेच तालुक्याच्या ठिकाणच्या संलग्न कनिष्ठ महाविद्यालयांपासून करावा. अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका मराठीसह भारतीय भाषांत असाव्यात. महानगरांतील नामवंत संस्था मागाहून येतील. त्यांना बोलावण्याची गरज पडत नाही.

यांतील एकाही सूचनेसाठी नवी इमारत बांधावी लागत नाही की नवे पद निर्माण करावे लागत नाही. परीक्षा शुल्काची तरतूद वगळता बाकी सारे काम नियमातील काही ओळी बदलण्याचे आहे. आणि तीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, आपल्या व्यवस्थेत इमारत बांधणे सोपे आणि ओळ बदलणे अवघड असते. इमारतीचे उद्घाटन होते, ओळीचे होत नाही.

माझे वाचक बहुतेक महाराष्ट्राबाहेर राहणारे आहेत. बदलीच्या नोकरीत मुलांना एका राज्याच्या मंडळातून दुसऱ्या मंडळात नेताना 'हे आमच्याकडे धरत नाही' हे वाक्य आपण सर्वांनी कोणत्या ना कोणत्या खिडकीवर ऐकले आहे. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांनी ओळखी काढल्या, अर्ज केले, वरिष्ठांना भेटलो आणि वाट काढली. त्या मुलीच्या वडिलांना यांतले काहीही शक्य नव्हते. त्यांची सारी ओळख म्हणजे मी, आणि मी तिला नियम वाचून दाखविला.

तिने तो विषय पुढच्या वर्षी पुन्हा दिला आणि उत्तीर्ण झाली. त्यासाठी तिला दुकानातील सकाळचे काम सोडावे लागले. पेढे घेऊन आली तेव्हा मी तिचे अभिनंदन केले. माझे सर मला म्हणाले होते तसे काही तिला म्हणण्याचा धीर मात्र मला झाला नाही.